तो चीक नव्हता

ज्यांच्या घरी आंबा नाही त्यांना आधी चीक म्हणजे काय ते सांगायला हवं. हापूसचा देठ मोडला की आतून पातळ, उग्र वासाचा चीक चिळकांडीसारखा उडतो. तो अंगावर पडला आणि लगेच पुसला नाही तर तिथली कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतो, मग काळा डाग उरतो. आम्ही म्हणतो, चीक उतला. हंगामात मालगुंडपासून रत्नागिरीपर्यंत कोणत्याही बागायतदाराच्या घरात डोकावा, कोणाच्या तरी हातावर नाहीतर गालावर तो डाग दिसेलच. त्यासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. खोबरेल लावायचं आणि पुढची पेटी भरायला घ्यायची.

म्हणून माझ्या अंगावर फोड आले तेव्हा घरात कोणी वर मान करून पाहिलं नाही. मीही नाही. आमच्या गावात हंगामात आलेल्या फोडाला दुसरं नावच नसतं. हे लिहायला बसले ती एवढ्यासाठीच. तुमच्या अंगावर काही आलं असेल आणि घरदार, शेजारीपाजारी सगळे एका सुरात "काही नाही गो, ते हेच" म्हणत असतील, तर माझं ऐका, त्या सुरात आपला सूर मिसळू नका.

आधी तोंड आलं

सुरुवात तोंडापासून झाली, शिमग्याच्या आधी. गालाच्या आतून सोलल्यासारखं झालं. मला वाटलं लोणच्याचा खार बाधला. मग वाटलं उष्णता. जाऊबाईंनी ज्येष्ठमध दिलं, कोणी गुलकंद दिला, सब्जाचं पाणी तर मी इतकं प्यायले की आता कोणी त्याचं नाव काढलं तरी मी पेला लांब सारते. आमटी तोंडात घेता येईना. सगळ्यांना माशाची वाढून झाली की मी एका बाजूला बसून दूधभात गिळायची. शेवटी रत्नागिरीत दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक दाढ टोचते म्हणून घासून दिली. मी समाधानाने घरी आले.

मला बरं व्हायची घाई होती, आणि त्या घाईचं नाव ओवी. माझी नात. मुलगा निखिल आणि सून केतकी डोंबिवलीला असतात, त्यांची ही एकुलती एक, अडीच वर्षांची. गेल्या गणपतीत आली तेव्हा मला बघून भोकाड पसरायची. सगळा मुक्काम आजोबांच्या खांद्यावर गेला, आणि निघायच्या दिवशी सकाळी आपणहून येऊन माझ्या मांडीवर बसली. तोवर बॅगा भरून झाल्या होत्या. मे महिन्यात ती येणार होती. या खेपेला पहिल्या दिवसापासून माझी, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तिच्यासाठी हंगाम लवकर आटोपायचा म्हणून मी रोज बायकांबरोबर आंबा निवडायला बसत होते.

फोड

पहिला फोड छातीवर, ब्लाऊजच्या काठाखाली आला. आमच्याकडे निवडायला येणारी सुगंधा म्हणाली, "वयनी, चीक उडलाय. खोबरेल लावा नि गप ऱ्हावा, उतरंल."

मी खोबरेल लावलं. मग कोकमतेल वितळवून लावलं, कारण भेगांना ते चालतं तर फोडाला का चालू नये. फोड पाठीवर आले. ढिले, पाण्याने भरलेले, पदराचा काठ लागला तरी फुटायचे. फुटले की खाली लाल, ओली जागा राहायची आणि ती भरून यायचं नावच नाही. रात्री पातळ अंगाला चिकटायचं. सकाळी ते सोडवताना मी न्हाणीघराचं दार आतून लावून घ्यायची, कारण तोंडातून जो आवाज निघायचा तो मला कोणाला ऐकवायचा नव्हता.

मग ताप आला आणि हे मला गाडीत घालून रत्नागिरीच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, "काकू, घरी आंब्याचं काम असतं का?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हटलं, "चीकच आहे तो. दर वर्षी कोणाला ना कोणाला उततो. या वर्षी मला जरा जास्त झालाय, एवढंच."

बोलण्यात माझा हात कोणी धरत नाही. इतक्या खात्रीने मी ते सांगितलं की त्या बिचाऱ्याने पुढे काय विचारावं? त्यांनी गोळ्या दिल्या. चार दिवस उतार पडला. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "बघा, सांगत होते की नाही?" गोळ्या संपल्या आणि पाठ पुन्हा पेटली. पोटावर आले, मांडीवर आले, केसांत आले. मग मला दाखल करून घेतलं.

खाट

दवाखान्यात सकाळ फार लवकर होते. आधी थर्मामीटर, मग फिनेलचा वास, मग मावशीचा केर, मग चहा. चहा माझ्या तोंडाला सोसायचा नाही, पण तो आला की बरं वाटायचं, कारण रात्र संपली याची ती खूण होती. त्यानंतर राउंड. राउंडला दर वेळी माझ्या आजाराचं नवं बारसं व्हायचं. एक जण म्हणाले ॲलर्जी. दुसऱ्यांना कांजिण्यांचा संशय आला. तिसरे म्हणाले आधीच्या गोळ्यांची रिॲक्शन असेल. प्रत्येक नावाबरोबर एक औषध यायचं आणि आधीचं बंद व्हायचं. मी त्यांना दोष देत नाही. ते बघत होते ते फोड, आणि फोड काही बोलत नाहीत. बोलणारी मी होते, आणि मी चीक चीक म्हणत होते.

शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांची सून एकदा सिस्टरला हळूच म्हणाली, "सिस्टर, हे आमच्या पेशंटला लागणार नाही ना?" हळूच म्हणजे मला स्पष्ट ऐकू येईल इतपत. सिस्टर म्हणाल्या, "विचारून सांगते." संध्याकाळी माझी खाट वऱ्हांड्याच्या बाजूला, टोकाला नेली आणि मध्ये पडदा लावला. कोणी काही वाईट बोललं नाही. मावशी मात्र त्या दिवसापासून माझा ताट-पेला बोटांच्या टोकांनी उचलू लागली.

त्या टोकाच्या खाटेवर असताना माझे सगळे आले. निखिल आत आला, पायाशी उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिला. केतकी दाराच्या बाहेरच होती, ओवीला कडेवर घेऊन. ओवीने पिवळा फ्रॉक घातला होता. मला ती अर्धीच दिसत होती.

केतकी तिथूनच म्हणाली, "आई, हे काय आहे ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत तोवर हिला नको ना आणायला? तुम्ही समजून घ्याल ना?"

मी म्हटलं, "अगो, बरोबरच आहे तुझं."

तिचं बरोबरच होतं. मीही माझ्या लेकराला नेलं नसतं. पण मला तिचा राग आला, आणि तो पोटातून आला. अंगावर कातडी नसताना माणूस शहाणपणाने वागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तसं होऊन बघावं. ती ओवीला घेऊन जिना उतरली आणि मी पडद्याकडे तोंड करून रडले. रडण्यानेही गाल चुरचुरायचे, म्हणजे तीही सोय नव्हती.

बाप आणि लेक

निखिलला मला मुंबईला न्यायचं होतं. ह्यांना ते पटत नव्हतं. दोघं वऱ्हांड्यात बोलत होते आणि मध्ये फक्त पडदा.

"बाबा, इथे काही होणार नाहीये. आजच गाडी करतो."

"अंगाला हात लावू देत नाही ती. गाडीत बसवू कशी? हायवेवरच्या हातखंबा फाट्यापर्यंत तरी पोचेल का?"

"मग तुम्ही एवढे दिवस करत काय होतात?"

हे म्हणाले, "आंबा काढत होतो."

माझ्या नवऱ्याचं हे असंच आहे. खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायची वेळ कळत नाही. मला दोघांनाही हाक मारावीशी वाटली, पण हाक मारून सांगणार काय? त्यांना भांडायला तरी जागा होती.

दुसऱ्या दिवशी हे उशिरा आले. शर्टाला अबीर लागला होता. हे देवळात फार जाणारे नव्हेत. मी विचारलं तेव्हा आधी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ग्रामदेवतेला कौल लावून आलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. उजवा कौल दिला, बरी होशील म्हणून."

"मग डॉक्टरांना सांगा तसं," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खिशातून प्रसादाचं फूल काढून उशीखाली ठेवलं आणि स्टुलावर बसून राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस घाबरलाय. तोवर मला वाटत होतं की भीती सगळी माझ्याच वाट्याला आलीय.

तोंड उघडा

त्वचेच्या डॉक्टर बाहेरगावच्या होत्या आणि आठवड्यातून एकदाच यायच्या. त्यांची वाट बघणं हे त्या दिवसांतलं माझं एकमेव काम होतं. त्या आल्या त्या लहानखुऱ्या, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि बोलण्याची अजिबात घाई नसलेल्या. आधी विचारलं, "चादर बाजूला करू का?" इतक्या दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. मला त्यानेच भरून आलं.

मी माझी कथा सुरू केली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "चीक हातांवर उडेल, तोंडावर उडेल. ब्लाऊजच्या आत कसा जाईल?"

"घामाबरोबर उतरतो खाली."

"आणि पाठीवर?"

"पंचाने अंग पुसलं, त्याला लागलेला असणार."

माझ्याकडे सगळ्याचं उत्तर तयार होतं. त्यांनी वाद घातला नाही. फोडाच्या शेजारी, जिथे कातडी चांगली दिसत होती, तिथे अंगठा ठेवून हलकेच सरकवला. भिजवलेल्या बदामाचं साल सुटावं तशी ती कातडी सुटली. ह्यांनी मान फिरवली.

"तोंड उघडा," त्या म्हणाल्या.

"तोंडाचं वेगळं आहे. ते दाताचं. ते दाखवलंय मी."

"उघडा तरी."

त्यांनी टॉर्च लावून बराच वेळ पाहिलं. "हे कधीपासून?"

"शिमग्याच्या आधीपासून."

"कोणाला सांगितलं होतं?"

"दाताच्या डॉक्टरांना."

"आणि अंगावरचं?"

"ते इथे."

त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसल्या. "काकू, हे दोन नाहीत, एकच आहे. तोंडात आधी येतं, मग अंगावर. याला पेम्फिगस म्हणतात. मी कातडीचा तुकडा तपासायला पाठवते, पण उपचाराला आजच सुरुवात करू. थांबायला वेळ नाही."

मी विचारलं, "लागतं का हे दुसऱ्याला?"

जगेन का, हे मी नंतर विचारलं. आधी हेच.

"नाही. कोणालाही नाही. शेजारी झोपलं तरी नाही."

मी रडायला लागले. त्यांना वाटलं घाबरले म्हणून. त्या समजावत राहिल्या की माझंच शरीर माझ्या कातडीला परकं समजून तिच्यावर उलटलंय. का उलटलं, ते त्यांनाही सांगता येईना. "बरं होईल ना?" ह्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "ताब्यात येईल." बरं होणं आणि ताब्यात येणं यांत किती अंतर आहे ते मला तेव्हा कळलं नाही, आता रोज कळतं. तेव्हा माझ्या कानांत एकच गोष्ट घुमत होती. लागत नाही. ओवी येऊ शकते.

पान

चादर अंगाला चिकटायची, म्हणून डॉक्टरांनी केळीची पानं आणायला सांगितली. पान चिकटत नाही आणि गार लागतं. हे रोज पहाटे परसातून कोवळी पानं कापून आणायचे, धुऊन पुसून खाटेवर अंथरायचे. पहिल्या दिवशी पान हातात घेऊन विचारात पडले आणि म्हणाले, "टोक कुठल्या बाजूला घेऊ?"

"डावीकडे घ्या, जेवणाच्या पानाचं घेतात तसं. वाढायचंय ना मला."

हे मी हसण्यासाठीच म्हटलं आणि मीच हसले. ओठ फाटून रक्त आलं. ह्यांनी खरोखर टोक डावीकडे केलं. त्या पानावर मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

ज्यांच्या माणसाला हे झालंय त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की अशा वेळी धीराचे शब्द काही कामाचे नसतात. धुतलेलं पान कामाचं असतं. पाठीला वारा घालणारा हात कामाचा असतो. सिस्टरने ड्रेसिंग काढताना "आता काढते हं" असं आधी सांगणं तर फारच मोठं असतं. बाकी बोलणारे पुष्कळ येतात. एक बाई तर माझ्या पायाशी उभ्या राहून म्हणाल्या, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. मी म्हटलं, या जन्मीचंच फेडून होत नाहीये, मागचं कुठे काढता.

आत येऊ नको

डॉक्टर पुन्हा आल्या तेव्हा नवे फोड थांबले होते. तुकड्याचा रिपोर्ट मुंबईहून आला होता, आणि त्यात त्या म्हणाल्या होत्या तेच होतं. त्यांनी ह्यांना आणि मला समोर बसवून सांगितलं, "आता औषधाचा डोस मोठा आहे. शरीर तुमच्या कातडीशी लढत होतं, ती लढाई आपण बंद पाडतोय. पण त्याबरोबर बाकीच्याही लढाया बंद होतात. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते. आजारी माणूस जवळ येऊ देऊ नका. आणि लहान मुलं तर सध्या नकोच."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे बघत होते.

रिपोर्टची वाट बघत केतकी ओवीला घेऊन आमच्या गावच्या घरीच थांबली होती, ती त्याच दुपारी आली. निखिलने तिला फोनवर सांगितलं होतं की हे लागणारं नाही, रिपोर्टही आलाय. ती धावतपळत आली होती हे दिसत होतं. या वेळी दाराशी थांबली नाही. पडदा बाजूला करून आत आली, कडेवरून ओवीला खाली ठेवलं आणि म्हणाली, "आई, मी स्वतः विचारून घेतलंय. लागत नाही. जा ओवी, आजी बघ."

बहुतेक घरी फोटो दाखवून शिकवलं असणार. ओवीने दोन्ही हात पुढे केले. तिच्या नाकाखाली ओली रेघ चमकत होती.

मी विचारलं, "सर्दी झालीय का हिला?"

"थोडीशी. काल गणपतीपुळ्याला पाण्यात खेळली ना."

हे उभे होते. सकाळचं त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी बोलावं म्हणून मी वाट पाहिली. ओवी एकेक पाऊल टाकत पुढे येत होती.

"केतकी," मी म्हटलं, "तिला बाहेर ने."

केतकीचा चेहरा पडला. तिला वाटलं, त्या दिवशी ती दाराशी थांबली त्याचा मी सूड घेतेय. "आई, तेव्हा मी म्हटलं ते फक्त..."

"तसं नाही गो. ने तिला. लगेच ने."

ओवी थांबली नाही. तिला काय कळणार? तेव्हा हे मध्ये आले, आडवा हात धरून तिला अडवलं आणि उचललं. तिने आधी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग रडायला लागली. गेल्या गणपतीत ती मला बघून रडत होती. या वेळी मी नको म्हटलं म्हणून रडत होती. तिचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मला ऐकू येत होता.

संध्याकाळी ह्यांनी केतकीला सगळं नीट समजावलं. ती फोनवर रडली. मी म्हटलं, रडू नको, तुझी काही चूक नाही. आणि हे अगदी खरं आहे. चूक कोणाचीच नव्हती. चूक असती तर कोणावर तरी रागावता आलं असतं.

आता मी घरी आहे. डोस हळूहळू कमी होतोय. चेहरा सुजलाय, साखर वाढलीय, पाठीवर काळे डाग आहेत. बघणाऱ्याला अगदी चीक उतल्यासारखेच दिसतात. मध्येच तोंडात एखादी जागा सोलते आणि मी सगळ्यांच्या आधी आरसा घेऊन बघते. आमटी अजून बेतानेच.

रोज संध्याकाळी निखिलचा व्हिडिओ कॉल येतो. ओवी फोन हातात घेते, अगदी जवळ धरते, आणि दुसरं काहीही बोलायच्या आधी मान वर करून मला नाक दाखवते.

"आजी, बघ, कोरडं आहे. येऊ?"

मी म्हणते, "अजून नको गो."